कागदाच्या शेततळ्यात मिश्र मासे: आधी एप्रिलचं पाणी मोजा

कवठे महांकाळकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलंय. त्यांचं शेततळं वरून ४० बाय ४० मीटर, खोली ४ मीटर, आत कागद म्हणजे प्लास्टिकचं अस्तर अंथरलेलं. पाणी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं, म्हणजे कृष्णेचं, कमी पडलं तर बोअरचं. गेल्या पावसाळ्यात कुणाकडून तरी ५००० ‘मिक्स बीज’, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या माशांची बारीक पिल्लं, आणून सोडलं, मधूनमधून शेण टाकलं, बाकी खाद्य असं काही दिलं नाही. मे महिन्यात जाळं ओढलं तर बोटाएवढी चिलापी (तिलापिया) ढिगाने आणि खाण्याजोगे मासे वीसेक किलो. आता विचारतात की कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) एकत्र सोडले तर एकमेकांना खातात का, आणि कुठला किती सोडायचा.

खात नाहीत. हे पाचही मासे आणि सहावा चंदेरा (सिल्व्हर कार्प), एकमेकांच्या पिल्लांच्या वाटेलाही जात नाहीत. ती भीती मनातून काढून टाका. एकमेकांचं खाणं मात्र पळवतात. म्हणून ‘किती’ हा प्रश्न अवघड आहे, आणि छापील प्रमाण जसंच्या तसं उचललं की कागदाच्या तळ्यात हमखास तोटा होतो.

मी हे कशाच्या जोरावर सांगतोय तेही सांगतो. आमची स्वतःची तळी वाळवा तालुक्यात आहेत, मातीची. उसाला पाणी पाजून पाजून चोपण झालेलं रान होतं, ऊस गुडघ्याच्या वर येईना, तेव्हा तळी काढली. त्याला बावीस वर्षं झाली. आणि गेली आठ वर्षं बहिणीच्या सासरी, आटपाडीला, डाळिंबाच्या शेततळ्यात मासे करतोय. तिथं तळ्याला कागद आहे. दोन्हीकडे बीज एकाच ठिकाणचं, खाद्य एकच, हात माझेच. तरी मातीच्या तळ्यातलं प्रमाण आटपाडीत चाललं नाही. पहिली दोन वर्षं ते कळण्यातच गेली.

मिश्र मत्स्यशेतीचा सगळा डाव तळ्यातल्या मजल्यांवर आहे. कटल्याचं तोंड बघा, वरच्या बाजूला वळलेलं असतं. तो पृष्ठभागाजवळ फिरतो आणि प्राणी प्लवंग खातो, म्हणजे ओंजळीत पाणी घेतलं की उड्या मारताना दिसतात ते बारीक जीव. चंदेराही वरच, पण त्याच्या कल्ल्यांची चाळण इतकी बारीक असते की पाण्याचा हिरवा रंग ज्यामुळे येतो ते वनस्पती प्लवंगच तो गाळून घेतो. रोहू मधल्या थरात राहतो, शेवाळ, कुजका पाला, जे मिळेल ते खुडतो. मृगळ तळाशी, कुजलेल्या गाळावर. सायप्रिनसही तळाशी, पण त्याला गाळ उकरायची सवय. आणि गवत्याचं नावच सांगतं. तो दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त ओला चारा खाऊ शकतो, त्यातला बराचसा अर्धवट पचून बाहेर पडतो, आणि तेच पुढं बाकीच्यांसाठी खत होतं.

पूर्वी ही निवड कुणाच्या हातातच नव्हती. कटला, रोहू, मृगळ बंद पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बीज नदीतून गोळा करावं लागायचं आणि त्यात काय काय आलंय ते मासे मोठे झाल्यावरच कळायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून हव्या त्या जातीचं शुद्ध बीज मिळायची वाट उघडली. गवत्या आणि चंदेरा १९५९ ला बाहेरून भारतात आले, आणि १९७१ पासून देशभरातल्या केंद्रांवर मिश्र मत्स्यशेतीचे समन्वित प्रयोग झाले. आज सगळीकडे सांगितली जाणारी सहा जातींची प्रमाणं त्या वाटेने आलेली आहेत. ती चुकीची नाहीत, पण ती मातीच्या तळ्यांची आहेत. तुमचं तळं मातीचं नाही.

कागदाच्या तळ्याला तळमजलाच नसतो. मातीच्या तळ्यात खाली हातभर गाळ असतो, त्यात किडे, अळ्या, गोगलगायी, कुजका पाला, सगळं पिकत असतं. मृगळ आणि सायप्रिनस तिथं फुकट जेवतात. कागदावर खाली काय असतं? माशांची विष्ठा, न खाल्लेलं खाद्य आणि वाऱ्याने आलेली धूळ. त्यात चार मीटर खोलीला ऊनही पोचत नाही आणि प्राणवायूही. छापील प्रमाणात तळाच्या माशांना तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त दिलेला असतो. तेवढे मासे तुमच्या तळ्यात सोडले तर ते उपाशी राहतात, किंवा वर येऊन कटला-रोहूच्या खाद्यावर तुटून पडतात. आटपाडीत पहिल्या वर्षी माझे मृगळ वर्षभरात पाव किलोच्या पुढं गेले नाहीत. मी बीजाला दोष देत बसलो होतो, आणि तेच बीज वाळव्यात पाऊण किलोचं झालं होतं.

तरी तळाचे मासे अजिबात सोडू नका असं मी म्हणणार नाही. थोडे हवेत. खाली पडलेलं खाद्य ते उचलतात आणि बसलेला गाळ हलवत राहतात. सायप्रिनस तळ्यातच अंडी घालतो, त्यासाठी त्याला पाणवनस्पतींचा आधार लागतो. कागदाच्या तळ्यात तो आधार नसल्याने त्याची पिल्लावळ फारशी वाढत नाही, ही एक चांगली बाजू. मातीच्या तळ्यात तो बांधही पोखरतो, तुम्हाला तो धोका नाही.

चंदेरा तुम्हाला नको. तो कटल्याच्याच मजल्यावर राहतो आणि भराभर वाढतो, त्यामुळे कटला मागं पडतो. शिवाय काढल्यावर लवकर खराब होतो आणि आपल्याकडे त्याला भाव कमी. सांगली-मिरजेच्या बाजारात गिऱ्हाईक कटला आणि रोहूच मागतं.

आता संख्या. तुमचं तळं भरलेलं असताना वरून १६ गुंठे भरतं. साधारण शिफारस हेक्टरी ५००० ते १०००० बोटुकलीची (बोटाएवढ्या पिल्लांची) असते, म्हणजे गुंठ्याला ५० ते १००. या हिशोबाने कुणीही तुम्हाला १००० ते १५०० मासे सोडायला सांगेल. पण ते पाणी सप्टेंबरचं. छाटणीनंतर बाग पाणी ओढायला लागते, उन्हाळ्यात आवर्तन लांबतं, आणि मासे सगळ्यात मोठे असतात तेव्हाच तळ्यात पाणी सगळ्यात कमी असतं. म्हणून मी नेहमी एप्रिल-मेच्या पाण्यावर मासे मोजतो. तुमच्या तळ्याचा उतार दीडास एक (मीटरभर खाली जाताना दीड मीटर आत) धरला तर तळ २८ बाय २८ मीटरचा येतो. उन्हाळ्यात दीड मीटर पाणी उरलं तर पाण्याची बाजू साडेबत्तीस मीटर, म्हणजे क्षेत्र फक्त साडेदहा गुंठे. त्यावर गुंठ्याला ५०-६० धरून ६०० मासे. एवढेच. हा आकडा ऐकून बहुतेकांचं तोंड उतरतं. मागच्या वर्षी तुम्ही ५००० सोडून वीस किलो काढलेत, ते समोर ठेवून विचार करा.

त्या ६०० मध्ये माझी वाटणी अशी: रोहू २४०, कटला २००, गवत्या ६०, मृगळ ६०, सायप्रिनस ४०. गवत्या तेवढेच सोडा जेवढ्यांना रोज चारा घालणं जमेल, कारण तुमच्या तळ्यात पाणगवत उगवणार नाही. लसूणघास किंवा कोवळं नेपिअर बारीक कापून, बांबूची चौकट पाण्यावर तरंगत ठेवायची आणि चारा तिच्या आत टाकायचा, म्हणजे तो तळ्यात पसरत नाही आणि उरलेला सहज काढता येतो. चारा नाही मिळाला तर गवत्या गोळीखाद्यावर येतो आणि रोहूला जवळ फिरकू देत नाही.

रूपचंद आणि पंगस हे मासेही लोक हल्ली यात मिसळतात. मी मिसळत नाही. दोन्ही खाद्यावर इतके जोराने येतात की कटल्याच्या वाट्याला काही उरत नाही. ते करायचे तर स्वतंत्र तळ्यात करा. आफ्रिकन मांगूर कुणी स्वस्तात देऊ केला तर तळ्याच्या जवळही आणू नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तो खरोखरच इतर मासे खातो.

तुमची चिलापी एकतर त्या मिक्स बीजातून आली किंवा म्हैसाळच्या पाण्यातून. दोन्ही वाटा बंद करायला हव्यात. पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक नायलॉनच्या जाळीची लांब पिशवी बांधा, रोज झाडा, कारण ती तुंबली की फाटते. आणि आत आहेत त्या आधी संपवा, नाहीतर चिलापी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विणार. तळं पूर्ण सुकवता आलं तर उत्तम, पण उन्हात उघडा पडलेला कागद खराब होतो, म्हणून मी मे महिन्यात हातभर पाणी ठेवून मोहाची पेंड वापरतो. हजार लिटरला पाव किलो हे माप. तुमच्या तळात अर्धा मीटर पाणी असेल तर ते साधारण चार लाख लिटर होतं, म्हणजे १०० किलो पेंड. रात्रभर भिजवून, पातळ करून सगळीकडे फेकायची. काही तासांत मासे वर येतात, ते जाळीने काढून घ्यायचे. पेंडीचं विष दोन ते तीन आठवडे टिकतं, मग तीच पेंड खत होते. तेवढे दिवस जनावरांना ते पाणी पाजू नका. भरल्या तळ्यात हे करायला गेलात तर टनाच्या वर पेंड लागेल, म्हणून वेळ मे महिन्याचीच.

बीजाबद्दल मला तळमळीने सांगायचंय, कारण आपल्या भागातली निम्मी तळी इथंच बुडतात. जिरे म्हणजे अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं, त्यानंतर इंचभराचं बीज, मग अर्धबोटुकली आणि मग बोटुकली. तुम्हाला जे ५००० दिलं ते इंचभराचंही नसणार. एवढं बारीक बीज मोठ्या तळ्यात सोडणं म्हणजे पाणकावळा, खंड्या, बेडूक आणि दिवडाला खाऊ घालणं. चार इंचाच्या खालचं बीज घेऊच नका. मिळालं तर वर्षभर दाटीत ठेवून वाढ खुंटवलेलं बीज घ्या. ते ऐंशी-शंभर ग्रॅमचं असतं, महाग पडतं, पण मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की झपाट्याने वाढतं. तुमच्या तळ्यात पाणी आठ-नऊ महिनेच पुरेसं असतं आणि त्यातले दोन महिने थंडीचे, म्हणून तुम्हाला तर तेच फायद्याचं.

जाती वेगवेगळ्या हौदांतून मोजून घ्या. एकदा मी एका विक्रेत्याच्या शब्दावर एकाच पिशवीतलं ‘कटला-रोहू’ घेतलं, आणि सहा महिन्यांनी तळ्यात जवळजवळ सगळं मृगळ निघालं. तेव्हापासून हौदाशी बसून ओंजळीत घेऊन बघतो. कटल्याचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि त्याला मिशा नसतात. मृगळ सडसडीत, चकचकीत. रोहूच्या ओठांची कड झालरीसारखी. चार इंचाच्या पोरात हे ओळखता येतं, जिऱ्यात येत नाही. मोठं बीज घ्यायचं हेही एक कारण. आणल्यावर पिशवी वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि मासे आपणहून बाहेर पडू द्या. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना.

आता शेण. मातीच्या तळ्यात आम्ही हेक्टरी वर्षाला दहा-पंधरा टन शेण हप्त्याहप्त्याने देतो. पाणी हिरवट होतं, प्लवंग वाढतात, खाद्याचा खर्च वाचतो. तुमचं पाणी मात्र ठिबकला जातं. पाणी जितकं हिरवं तितका सँड फिल्टर लवकर तुंबणार, आणि पुढं ड्रीपर. बागेचं नुकसान माशांच्या उत्पन्नातून भरून निघत नाही. म्हणून द्राक्षवाल्यांना माझा सल्ला असतो की शेण जवळजवळ बंद ठेवा. सुरुवातीला दोन-तीन गोणपाटांत भरून कडेला लटकवा, पाणी फिकट हिरवं दिसलं की काढून टाका. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. पंजा कोपर बुडायच्या सुमारास दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगट बुडायच्या आतच बोटं दिसेनाशी झाली तर पाणी फार दाट झालंय, शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून आणि पृष्ठभागापासून दोन्हीकडून लांब, मध्ये टांगा, आणि फिल्टर रोज उलटा धुवा. चुनाही आपल्याकडे सवयीने पोत्यांनी टाकतात. काळ्या रानातल्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) पुष्कळदा आधीच आठच्या वर असतो. सामू मोजल्याशिवाय चुना टाकू नका.

म्हणजे तुमचे मासे खाद्यावर वाढणार. २४ ते २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं गोळीखाद्य घ्या. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात चालतो, आम्ही मातीच्या तळ्यात तेच देतो, पण कागदाच्या तळ्यात जे खाली गेलं ते वाया गेलं. माशांच्या एकूण वजनाच्या तीन टक्के रोज, दोन वेळात. समजा ४८० मासे जगले आणि सरासरी ३०० ग्रॅमचे झाले, तर १४४ किलो वजन, रोजचं खाद्य सव्वाचार किलो. महिन्याला एकदा फेकजाळं टाकून वीस-पंचवीस मासे वजन करून बघा, अंदाजाने देऊ नका. मासे मोठे झाले की दोन टक्क्यांवर या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भूक मरते, तेव्हा निम्मं करा आणि ऊन चढल्यावर द्या. चार इंचाचं बीज सप्टेंबरात सोडून मेअखेरीस सातशे-साडेसातशे ग्रॅम आलं, तर साडेतीनशे किलोच्या आसपास मासे निघतील आणि त्याला साडेपाचशे-सहाशे किलो खाद्य लागेल. स्थानिक भाव घालून हिशोब आधी कागदावर मांडा. परवडत नसेल तर यंदा सोडू नका, तळं पळून जात नाही.

आटपाडीत दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दुपारी वळीव आला, गारांसकट. त्याआधी आठ दिवस अंग भाजणारं ऊन होतं. संध्याकाळी मी नेहमीसारखं खाद्य टाकलं आणि झोपलो. पहाटे भाचा उठवायला आला. सगळं तळं तोंडांनी भरलं होतं, मासे आ वासून हवा घेत होते, आणि मोठे कटले कडेला येऊन पडत होते. दिवस वर येईपर्यंत निम्म्याहून जास्त मासे गेले. झालं होतं ते असं: उन्हाने वरचं पाणी गरम, खालचं थंड आणि प्राणवायू नसलेलं. गारांनी वरचं पाणी एकदम गार केलं, ते जड होऊन खाली गेलं आणि तळचं मेलेलं पाणी सगळीकडे मिसळलं. त्यात माझं संध्याकाळचं खाद्य. आता वळवाचं आभाळ दिसलं किंवा दोन दिवस सलग ढगाळ राहिलं की खाद्य बंद, आणि पहाटे तीन-चारला मोटर सुरू. तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडायचं. वीज रात्री नसेल तर डिझेल पंप तयार ठेवा.

तुमच्याकडे दुसरा मोठा धोका फवारणीचा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेवर दर दोन-चार दिवसांनी काहीतरी मारलं जातं. मोरचूद आणि बोर्डो माशांना घातक आहे, सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं तर अगदी थोड्या मात्रेतही मारतात. वारा तळ्याच्या दिशेने वाहत असेल तर फवारणीचा ब्लोअर लावू नका. टाकी तळ्यावर भरू नका, धुऊ तर अजिबात नका. औषधाचं मिश्रण करायचा हौद तळ्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. हे गड्यांना एकदा सांगून भागत नाही, दर हंगामात सांगावं लागतं.

मासे एकदम काढू नका. फेब्रुवारीपासून जे किलोच्या जवळ आलेत ते काढत चला, पाणी उतरत जाईल तशी मागं राहिलेल्यांना जागा होते. उरलेले आखाडात संपवा. त्या महिन्यात गिऱ्हाईक तळ्यावर येऊन ताजा मासा घेऊन जातं, आणि श्रावण लागला की मागणी बसते. जाळं ओढायला नदीकाठचे भोई बोलवा, त्यांच्या हाताची सफाई आपल्याला येत नाही. पण जाळ्याच्या खालच्या दोराला शिसं किंवा दगड नकोत, कागद फाटतो. जाड सुती दोर भिजून आपोआप खाली बसतो.

आणि बीज आणायच्या आधी तळ्याच्या चारही बाजूंनी, काठावरच्या खुंट्यांपासून थेट तळापर्यंत, गाठी मारलेले जाड दोर सोडा आणि प्रत्येकाला टायरची ट्यूब बांधा. कागदावर शेवाळ धरलं की पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. आजवर तुम्ही तळ्यावर कधीतरी जात होता, आता खाद्य टाकायला घरातलं कुणीतरी रोज दोनदा काठावर उभं राहणार आहे. कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावा आणि किल्ली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.